काचेतले भरतीचे पाणी

वाचकहो, करंजाडे येथील एका सदनिकेत एका रविवारी सकाळी जे घडले, ते पुढील कथनात मांडावयाचे आहे. एक काचेची टाकी, तिच्यातील खारे पाणी, त्या पाण्यात उतरलेली वीज, आणि त्याच पाण्यावर आपापला हक्क सांगणारी मायलेकरे, एवढाच या कथेचा ऐवज आहे. शैलेश नावाच्या इसमाच्या मनात त्या सकाळी जे जे उसळले ते गाळून न टाकता सांगण्याचा माझा संकल्प आहे. यात कोणी कोणाला क्षमा करीत नाही, हे आरंभीच नमूद करतो, म्हणजे शेवटी कोणाचा विरस होणार नाही.

हाताला काहीतरी चावले, असे शैलेशला प्रथम वाटले. न्हाणीघरातून तो नुकताच बाहेर आला होता. कमरेला पंचा, पावले ओली, आणि टाकीतील मोठा दगड कलंडलेला दिसताच चपला पायात सरकविण्याचे भान न राहून त्याने हात कोपरापर्यंत पाण्यात घातला होता. आदल्या दिवशी कामावर कंटेनरचे सील तोडताना तर्जनीला तारेची चीर पडली होती. नेमकी त्या चिरेतून एक बारीक, दातेरी कळ आत शिरली आणि मनगटापाशी येऊन थबकली. त्याने हात मागे घेतला. नारिंगी अंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे कोपऱ्यातल्या समुद्रफूल नावाच्या जिवाशी डुलत होते. त्यांच्या मुद्रेवर चावल्याची कसलीही खूण नव्हती. मिठामुळे चीर झोंबली असेल, असे स्वतःस सांगून त्याने पुन्हा हात घातला. पुन्हा तीच कळ. आता ती मनगटाशी न थांबता दंडातून खांद्यापर्यंत चढली. पाण्याखाली कोणी बसले आहे आणि हाताच्या शिरा मुठीत धरून हळूच ओढीत आहे, अशी. इमारतीवरून विमान गेले आणि काच थरथरली. शैलेशने कामाच्या पिशवीतून टेस्टर काढला, त्याचे टोक पाण्यात बुडविले आणि मागच्या टोपीवर अंगठा टेकविला. टेस्टरच्या पोटात लाल दिवा लागला. दोन्ही मासे तो दिवा पाहावयास पुढे आले.

तर पाण्यात वीज होती. मासे सुखरूप होते, कारण जो पाण्यातच राहतो त्याला ती बाधत नाही. पाण्याला आणि जमिनीला जो एकाच वेळी शिवतो, त्यालाच ती धरते. हे शैलेशला ठाऊक होते. बंदराजवळच्या एका यार्डात थंड कंटेनरांना वीज जोडण्याचे आणि त्यांचे तापमान पाहत हिंडण्याचे काम तो करीत असे. गोठविलेली कोळंबी, मांस, औषधे पोटात घेऊन उभ्या असलेल्या त्या लोखंडी पेट्यांच्या रांगांतून फिरताना आपण वीज जाणतो, असा त्याचा समज पक्का झाला होता. त्या कामाचा एक अलिखित रिवाज होता. एखादी पेटी वीज तोडून टाकू लागली, स्विच पुन्हा पुन्हा पाडू लागली, तर ती दुसऱ्या ओळीवर न्यावी, तार बदलावी, काही करावे, पण पेटी बंद राहू देऊ नये. आत माल आहे. माल सडला तर माणसाची नोकरी सडते. हा रिवाज त्याच्या हातांत इतका भिनला होता, की टाकी घरी आल्यावर दाराजवळच्या विजेच्या पेटीतला तो स्विच, गळती होताच वीज तोडणारा, ज्याला सारे ईएलसीबी म्हणतात तो, जेव्हा रोज पडू लागला, तेव्हा शैलेशने एका दुपारी पेटी उघडली आणि तार त्या स्विचला वळसा घालून थेट जोडून टाकली. स्विच त्यानंतर कधी पडला नाही. रुचिरा, त्याची बायको, म्हणाली होती, ‘‘अहो, तो कशासाठी तरी लावला असेल ना बिल्डरने?’’ आणि तो म्हणाला होता, ‘‘बिल्डरने लावलाय म्हणूनच तर फालतू आहे.’’ ते दोघे त्यावर हसलेही होते.

आता तो टाकीसमोर ओल्या पायांनी उभा होता आणि वीज तोडणारे कोणी नव्हते. प्लग काढावा म्हणून त्याचा हात खालच्या कपाटाकडे गेला. तेथे दुसरी लहान टाकी होती, तिच्यात पाणी वर चढविणारा पंप बुडविलेला होता, शेजारी पाणी गार ठेवणारे चिलर नावाचे खोके घुमत होते, आणि या सर्वांच्या तारा एका लांबट बोर्डात येऊन मिळाल्या होत्या. बोर्ड कपाटाच्या तळाशी पडला होता. हात बोर्डापर्यंत गेला आणि थांबला. पंप थांबला की पाणी मरू लागते, उन्हाळा आहे, चिलर बंद झाले की दुपारपर्यंत समुद्रफूल मिटून चिखल होईल, हे एक कारण त्याने मनाशी धरले. खरे कारण त्याच्या मागे उभे होते आणि त्याला तोंड नव्हते. या टाकीचा घूं घूं असा आवाज घरात घुमत होता तोवर काहीतरी सिद्ध होत होते. आवाज थांबला की आई विचारील, ‘‘मेला काय रं तुजा दर्या?’’ आणि ही टाकी विकणारा तो देवेश, जेथे असेल तेथे, न ऐकताही ऐकील.

देवेश. नाव आठवताच खांद्यातली कळ जबड्यात आली. टाकी पाहावयास शैलेश गेला तेव्हा नवीन पनवेलातल्या उंच इमारतीत, गुळगुळीत लाद्यांच्या दिवाणखान्यात, तो गृहस्थ अर्ध्या चड्डीत उभा होता. पुण्याला बदली झाली म्हणून सगळा सेट, टाकी, पंप, चिलर, दिवा, फेस काढणारे नळकांडे, असा उचलून द्यावयाचा होता. ‘‘एकदम रनिंग कंडिशन आहे बघा. मी तर रोज सकाळी चहा इथेच घ्यायचो. मेडिटेशनच समजा.’’ मग सहज विचारावे तसे त्याने विचारले, ‘‘तुम्ही मूळचे इथलेच?’’ ‘‘गव्हाणचा,’’ शैलेश म्हणाला. ‘‘अच्छा, कोळी! मग तुम्हाला काय, मासे म्हणजे घरचाच माल. पण हे तळायचे नसतात हं!’’ आणि तो हसला, मोकळेपणाने, दात दाखवून, ज्याला आपण कोणाला दुखविले हे आयुष्यात कधी कळणार नाही अशा माणसाचे ते हसणे होते. शैलेशही हसला. ते हसणे त्याला अद्याप टोचत होते, देवेशचे नव्हे, स्वतःचे. तोंडात माशाचा काटा अडकावा, जीभ पुन्हा पुन्हा तेथेच जावी, तसे त्याचे मन त्या हसण्याकडे जात असे. यार्डात रांगांतून हिंडताना, पळस्प्याच्या नाक्यावर बस अडकून पडली असता, जेवताना, तो देवेशला उत्तरे देत असे. उत्तरे दिवसेंदिवस धारदार होत गेली होती. त्यांपैकी एकही देवेशपर्यंत पोहोचले नव्हते.

त्याच दिवाणखान्यात देवेशने मिठाचे परदेशी पाकीट दाखविले होते. हे नळाच्या पाण्यात विरघळवावयाचे, मोजमाप करावयाचे, की झाला समुद्र. शैलेशने ते पाकीट हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले आणि खाली ठेवले. मिठाचे पाणी करून त्याला दर्या म्हणावे, हे शहाणपण या लोकांनाच शोभावे! त्याने ठरविले की आपल्या टाकीत खरे पाणी राहील. मग दर पंधरवड्यास तो उरणला जाऊन, भरती पूर्ण भरण्याची वाट पाहून, खडकांपाशी गुडघाभर उतरून कॅन भरून आणू लागला. गव्हाणच्या खाडीचे पाणी आता तसले राहिले नव्हते. जेथे काशिराम, त्याचे वडील, आपली होरी, म्हणजे होडी, लावीत असत, तेथे भराव होता, आणि भरावावर आपण कोठे उभे आहोत हे ज्याचे त्यालाच सांगता येत नव्हते. वडिलांनी होरी विकली, त्यानंतर ते फार काळ जगले नाहीत. या सदनिकेत आले, गॅलरीत खुर्ची टाकून बसले, समोरच्या इमारतीचे गज पाहत राहिले, आणि एके दिवशी तसेच बसल्या बसल्या गेले. त्यांचा फोटो टाकीच्या वरच्या भिंतीवर होता. शैलेशने टाकी मुद्दाम त्या फोटोखाली मांडली होती. बाबांना पाणी दिसावे, असे तो म्हणाला होता. आई, गुणाबाई, टाकी भरेपर्यंत लांबून पाहत राहिली. टाकी भरून झाली, दिवा लागला, निळा उजेड तिच्या तोंडावर पडला, तेव्हा तिने पदर नाकाला लावून पाण्याचा वास घेतला आणि विचारले, ‘‘पानी कुठचा?’’ ‘‘उरणचा, आये. भरतीचा.’’ ‘‘भरतीचा पानी काचंत कोंडलास,’’ ती म्हणाली, ‘‘आनि मासलीचा येक वाटा बी निगायचा नाय तुज्या दर्यात. दोन तर मासं. त्ये बी पोरींच्या रिबिनीवानी.’’ रुचिरा खुदकन हसली होती. तेव्हापासून आई टाकीकडे पाहत नसे. समोरून जाताना मान दुसरीकडे करी. नावडत्या जावेच्या दारावरून जावे तशी जाई.

त्याने खाली वाकून कपाटात डोकावले. बोर्डावर पांढरी खरड जमली होती. तारांवरून, प्लगांच्या फटींतून, लाकडाच्या कडेने मीठ चढले होते, बारीक, फुललेले, पहाटे गवतावर दव गोठावे तसे. हे त्याने आज प्रथम पाहिले असे नव्हते. गेले कित्येक आठवडे तो ते पाहत होता आणि पुसत नव्हता. गव्हाणच्या घरात कशाकशावर मीठ नसे! दाराची कडी, कंदिलाची कडी, आरशाचा पारा, बाबांच्या भुवया. आई सकाळी कंदिलाची काच पुसे आणि संध्याकाळपर्यंत ती पुन्हा धूसर होई. मीठ म्हणजे घर होते. या सदनिकेत कशावरच काही जमत नव्हते. येथे भिंतींना वास नव्हता, दारांना कुरकुर नव्हती, धूळसुद्धा परकी होती. म्हणून त्या बोर्डावर जेव्हा पहिला पांढरा पापुद्रा आला, तेव्हा शैलेशने बोट फिरवून जिभेला लावले आणि त्याला बरे वाटले. आपले काहीतरी येथे उगवले, असे वाटले. यार्डात एखाद्या प्लगवर असे पांढरे दिसले असते तर त्याने आरडाओरडा करून ओळ बंद करविली असती. घरात त्याच पांढऱ्यावर त्याने माया केली होती. आता त्याला दिसले, की मिठाचा तो माग पंपाच्या तारेवरून चढत बोर्डाच्या भोकांपर्यंत गेला आहे, आणि पंपाची तारसुद्धा अखंड नाही. मध्यावर काळ्या चिकटपट्टीची एक फुगीर गाठ होती. तार कधीतरी तुटून जोडलेली होती आणि ती गाठ पाण्यात अर्धी बुडाली होती. पट्टीची कड सुटून आतले तांबे हिरवे पडले होते.

गाठ पाहताच त्याला विलक्षण आनंद झाला. हे सांगावयास संकोच वाटतो, पण झाले तसे. इतके दिवस त्या माणसावरचा राग नुसता हसण्यावर उभा होता आणि हसण्याबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही. आता हातात गाठ होती. त्याने मला मरण विकले, असे एक वाक्य त्याच्या मनात आपोआप तयार झाले, आणि ते इतके घोटीव होते की त्याने ते ओठांत दोनदा म्हणून पाहिले. मग प्लग तसाच ठेवून तो उठला. पंप चालू असू दे. त्याला फोनवर हा आवाज ऐकू जाऊ दे.

‘‘काय झालं? असे काय उघडे उभे आहात?’’ रुचिरा स्वयंपाकघराच्या दारात आली. तिच्या हातात कोथिंबीर होती.

‘‘टाकीला हात लावू नको. पाण्यात करंट आहे.’’

‘‘मी कशाला लावतेय? मला काय हौस आहे!’’

‘‘मग रोज सकाळी खाली पाणी कोण सांडतं? रोज लादीवर थेंब असतात. तू फडकं पिळतेस इथे.’’

‘‘मी पिळत नाही, हे मी किती वेळा सांगू? तुमचे मासे उडवत असतील पाणी. नाहीतर तुमचा तो पंप.’’ तिने कोथिंबिरीची जुडी टाकीकडे रोखली. ‘‘करंट आहे तर बंद करा ना मग.’’

‘‘बंद करून माल मारू?’’

‘‘माल?’’ रुचिरा म्हणाली. ‘‘घर आहे हे. तुमचं यार्ड नाही.’’ आणि ती आत गेली. कोथिंबिरीचा वास मागे राहिला. लादीवर खरोखरच थेंब होते, आजसुद्धा, टाकीच्या पुढ्यात दोनचार, वाळत आलेले. त्यांच्या कडांना पांढरी रेघ धरली होती. त्याचे स्वतःचे ओले पाय तेथे नव्हते, तो डाव्या बाजूने आला होता. या पाण्यात हात घालणारे घरात आपल्यावाचून कोणी नाही, निदान एवढे तरी बरे, असा विचार त्याने केला. तो विचार त्या थेंबांपाशी येऊन अडखळला. पण एव्हाना त्याने फिरविलेला देवेशचा नंबर लागला होता.

‘‘हां, बोला! कसे आहेत आपले मासे?’’

‘‘तुमच्या पंपाच्या तारेला जोड आहे,’’ शैलेश म्हणाला. आवाज त्याने शांत, जड ठेवला होता. ‘‘पाण्यात करंट उतरला आहे. आत्ता माझा हात होता पाण्यात. तुम्ही मला मरण विकलं.’’ ते वाक्य बाहेर पडले, आणि मनात होते तितके ते जड निघाले नाही.

‘‘अरे बाप रे. लागलं का काही?’’ तिकडे कोठेतरी कुकरची शिट्टी झाली. ‘‘बघा, जोड आहे, मान्य. उंदराने कुरतडली होती. पण मी ती तार नेहमी पाण्याच्या वर टांगून ठेवायचो, हुक होता त्याला. तेच सांगत होतो तुम्हाला, की जोड वर ठेवा, बोर्ड खाली ठेवू नका, तारेला खाली झोल द्या म्हणजे पाणी ओघळून बोर्डात जाणार नाही. तुम्ही ऐकूनच घेतलं नाही.’’

‘‘कधी सांगितलंत?’’

‘‘अहो, टेम्पोत सामान चढवताना! तुम्ही म्हणालात, खाऱ्या पाण्यात आमची हयात गेली, पाणी मला शिकवू नका. मग मी गप्प बसलो. म्हटलं बरोबर आहे, ह्यांना आपण काय शिकवणार.’’ तो पुन्हा हसला, अगदी थोडे. ‘‘आणि वापरलेला माल बघून घ्यायचा असतो हो. जाऊ दे. घरात ईएलसीबी आहे ना? ती पडायला हवी होती.’’

शैलेशची नजर दाराजवळच्या पेटीकडे गेली.

‘‘हॅलो? ईएलसीबी आहे ना चालू?’’

त्याने फोन बंद केला. कानात घूं घूं चालू राहिले. त्याला ते टेम्पोचे आठवले. दुपारचे ऊन, दोरखंड, देवेशचे गोरे गुडघे, आणि ‘एक सांगून ठेवतो’ असे त्याचे तोंड उघडलेले. आपण ते तोंड मिटविले, इतकेच. आणि त्या क्षणी किती गोड वाटले होते! त्या एका वाक्याने गव्हाण, होरी, बाबा, सगळे आपल्या पाठीशी येऊन उभे राहिले होते. तरीही त्याचा राग ओसरला नाही. उलट आधार सुटलेल्या रागाला अधिकच चेव आला. तो देवेशवरून सरकून त्याचे म्हणणे बरोबर असण्यावर जाऊन बसला. बरोबर असलेल्या माणसाचा द्वेष करणे फार थकविणारे असते. शैलेश टाकीसमोरच्या भिंतीला टेकून खाली बसला. पाण्यात निळा उजेड हलत होता. लहानपणी एकदा नवीन चपला मिळाल्या असता तो त्या घालूनच पाण्यात शिरला होता, आणि बाबांनी धावत येऊन त्याच्या थोबाडीत मारली होती. ‘‘दर्यात चपला घालून जातंस?’’ ते दारू न पिता मारीत असत, असे तेवढे एकच कारण होते. आई काठावर उभी होती, पाटी डोक्यावर, अनवाणी. ती मध्ये पडली नव्हती. तिने फक्त वाकून बोटे पाण्यात बुडविली, कपाळाला लावली, डोळ्यांना लावली, पोराच्या वतीने माफी मागितली, आणि बाजाराला निघून गेली. रोज सकाळी ती तसे करीत असे. घरातून निघताना देवाला हात जोडावयाचे राहिले तरी चाले, हे राहत नसे.

दाराचे कुलूप वाजले. गुणाबाई मासळी घेऊन परत आली होती. जन्मभर जिने मासळी विकली ती आता करंजाड्याच्या बाजारात दुसरीच्या पाटीसमोर वाकून मांदेली निवडी, भाव करी, आणि दर खेपेस कोणाचा तरी अपमान करून घरी येई. ‘‘सडकी देत होती मना,’’ ती दारातूनच म्हणाली, कोणाला उद्देशून नव्हे. ‘‘मना! कल्ले दाबून लाल केल्यान आनि मना सांगते ताजी हाय.’’ पिशवी तिने रुचिराच्या हाती दिली, मोरीत हात धुतले. मग रबरी चपलांचा चटचट आवाज करीत ती दिवाणखान्यात आली. गुळगुळीत लादीवर ती एकदा पडली होती, तेव्हापासून शैलेशने तिला घरात त्या चपला घालावयास लावल्या होत्या, आणि ती त्यांना शिव्या देत घालीत असे. तो भिंतीशी, सोफ्याच्या आडोशाला बसला होता. तिला तो दिसला नाही.

टाकीसमोर ती थांबली. मान दुसरीकडे केली नाही. एक चप्पल काढली, मग दुसरी, पायानेच बाजूला सारली. धुतलेल्या हातांचे पाणी लादीवर ठिबकले. अनवाणी, ओल्या हाताची, वाकलेली ती टाचा किंचित उचलून काचेच्या कडेवर रेलली आणि तिने उजव्या हाताची बोटे पाण्याकडे नेली.

‘‘आये!’’

तो ओरडला त्या ओरडण्यात काय नव्हते! ती दचकली, पण हात मागे घेतला नाही. बोटे पाण्यात गेली. शैलेशने पाहिले की तिचा दंड एकदम ताठ झाला, कोपर आत ओढले गेले, ओठ घट्ट मिटले. तिच्या मुद्रेवर आश्चर्य नव्हते. ओळखीच्या माणसाने रोजचाच टोमणा मारावा आणि आपण तो सोसावा, तशी ती उभी राहिली. मग बोटे काढून तिने कपाळाला लावली, डोळ्यांना लावली. दोन थेंब लादीवर पडले.

‘‘आये, हात लावू नको! करंट हाय त्यात! मरशील!’’ त्याने तिला खांद्याला धरून मागे ओढले. ती चिडली. ‘‘सोर मना!’’ तिने त्याच्या हातावर चापट मारली, लहानपणी मारी तशीच, बोटांच्या पेरांनी. ‘‘ठावं हाय. मारतो त्यो मना. रोज मारतो.’’

‘‘रोज?’’

‘‘मंग? पानी भरलास आनि थोऱ्या दिसांनी मारायला लागला. मारू दे. होरी इकली आमी. तुज्या बापसानं इकली, मी हात नाय आरवा धरला. त्याचा राग नाय राहायचा? राहील तर. आपल्यावर कोन रागावतो? आपला आसल तोच.’’ ती धापा टाकीत होती. ‘‘गव्हानला पानी मना वलखीत नाय आता. भरावात उभी राहते, हात घालते, गप. काय नाय. ह्यो वलखतो. मारतो पन वलखतो.’’

‘‘आये, ती वीज हाय. लाईट. तार फुटलीय पंपाची, तिचा करंट पाण्यात येतो. दर्या नाय तो.’’

‘‘मना शिकवतंस?’’ गुणाबाई म्हणाली. तिने मान वर केली आणि त्याच्याकडे असे पाहिले, की मध्ये पाणी असते तर गोठले असते. ‘‘खाऱ्या पान्यात हयात गेली माजी. पानी मना शिकवू नको.’’

 हे वाक्य आपल्याला कोठून मिळाले होते ते शैलेशला आत्ता कळले. तो ते स्वतःचे समजून परक्या इमारतीखाली टेम्पोजवळ वापरून आला होता. आई पुन्हा पुढे सरली. आता ती दोन्ही हात घालणार, हट्टाने, त्याला दाखविण्यासाठी, हे तिच्या बाह्या सारण्यावरून त्याला दिसले. दोन्ही हात पाण्यात, अनवाणी, ओल्या लादीवर, आणि पेटीतला स्विच त्याने स्वतः मुका केलेला. स्वयंपाकघरातून रुचिरा धावत आली आणि किंचाळली, ‘‘अहो, बंद करा!’’ तेव्हा त्याच्यातला तो यार्डातला माणूस, ज्याने कधी भरल्या पेटीचा प्लग ओढला नव्हता, क्षणभर उभाच राहिला. खरोखरच उभा राहिला, हे लपविण्यात अर्थ नाही. मग तो दाराकडे झेपावला, पेटीचे झाकण उघडले आणि मुख्य खटका खाली पाडला.

घर थांबले. पंखा सावकाश निमाला. टाकीतला निळा उजेड गेला, पाण्याची धार तुटली, चिलर एकदा खाकरून गप्प झाले. इतके महिने जो आवाज ऐकू येत आहे हेसुद्धा ते विसरले होते, तो गेल्यावर खालच्या रस्त्यावरचा रिक्षावाला कोणाला तरी आईवरून शिवी देत आहे, हे स्वच्छ ऐकू आले. काचेत पाणी करड्या रंगाचे दिसत होते. मासे जागच्या जागी तरंगत होते.

गुणाबाईने दोन्ही हात मनगटांपर्यंत पाण्यात घातले होते. ती वाट पाहत होती. तिचे दंड ताठ होते, ओठ मिटलेले, डोळे काशिरामच्या फोटोच्या थोडे खाली, भिंतीवर. शैलेश पेटीजवळ उभा राहून पाहत होता. आता सांगावे, समजावावे, की आये बघ, लाईट गेली म्हणून मारीत नाही, म्हणजे लाईटच होती ती. पुरावा इतका उघडा होता. तो जिंकला होता. त्याने फक्त पेटीचे झाकण लावले.

हळूहळू तिचे दंड सैल झाले. तिने बोटे पाण्यात हलविली, पसरली, मिटली. एक मासा येऊन तिच्या करंगळीला हुंगून गेला.

‘‘नाय मारला,’’ ती म्हणाली.

तिने बोटे पुन्हा एकदा पाण्यात फिरविली.

‘‘वलखलाच नाय मना.’’

तिने हात काढले. ते कपाळाला लावले नाहीत, डोळ्यांना लावले नाहीत, पदराला पुसले, मासळी हाताळल्यावर पुसतात तसे, घसटून. मग पायाने चाचपीत तिने चपला शोधल्या, एक घातली, दुसरी घातली. ‘‘मांदेली साफ करते,’’ असे रुचिराला म्हणाली, आणि चटचट आवाज करीत स्वयंपाकघरात निघून गेली.

दुपारी शैलेशने ती गाठ कापून टाकली. बाजारातून अखंड तारेचा नवा पंप आणला, बोर्ड भिंतीवर उंच ठोकला, तारांना खाली झोल दिला, मीठ खरवडून पुसून काढले, आणि पेटीतला स्विच पुन्हा जोडला. समुद्रफूल अर्धे मिटले होते, संध्याकाळपर्यंत उमलले. मासे जगले. टेस्टर पाण्यात बुडवून त्याने पाहिले. दिवा लागला नाही. पाणी निर्दोष होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुद्दाम लवकर उठून सोफ्यावर बसला. गुणाबाई न्हाऊन आली. टाकीत निळा उजेड होता, वरून धार पडत होती, आवाज घुमत होता. ती चपला घालूनच टाकीसमोरून गेली. मान दुसरीकडे केली नाही. फर्निचरावरून नजर जावी तशी तिची नजर पाण्यावरून गेली. लादी कोरडी राहिली, आणि त्यानंतर ती रोज कोरडीच राहिली.

येथे ही कथा थांबते. वीज आणि पाणी जेथे एकत्र नांदतात तेथे जुना माल घेणाऱ्याने तार तपासावी, हे तर खरेच. परंतु तेवढ्यासाठी मी आपला वेळ घेतला नाही, हे आपण जाणलेच असेल. माझे शिक्षण बेताचे, शब्द जुळविण्याची हौस मोठी. तरीही आपण अखेरच्या ओळीपर्यंत सोबत चाललात, या आपल्या औदार्यापुढे मी हात जोडतो.

आपला,
निकेश हिराजी घरत
मु. पळस्पे, ता. पनवेल